सोनौलीच्या पलीकडे गाडीचा विमा

पत्र थोडक्यात : विट्याजवळच्या एका गावचे, सध्या सांगलीत फ्लॅट घेऊन राहणारे वाचक लिहितात. घराण्याचा धंदा गलाईचा, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याचा. काकांचं काठमांडूत जुनं दुकान आहे. काका आता थकले, गावी परत येणार. दुकान सांभाळायला हे, पत्नी आणि सातवीतली मुलगी असे तिघे किमान दोन वर्षांसाठी निघालेत. दोन वर्षांपूर्वी घेतलेली कार सोबत न्यायची इच्छा आहे : मुलीची शाळा, दुकान, आणि सणाला गावी येणं-जाणं. गाडी वडिलांच्या नावावर, वर बँकेचं कर्ज. एजंट म्हणतो, ‘फुल इन्शुरन्स आहे, कुठंबी न्या.’ मित्र म्हणतो, नेपाळचा वेगळा विमा काढावा लागतो. काठमांडूतले एक पाहुणे म्हणतात, सीमेवर ओळख असली की कुणी विचारत नाही. वडिलांचं मत असं की गाडी इथंच उभी राहू दे, विमा बंद कर, पैसे वाचव. शेवटी प्रश्न एका ओळीत : ‘दोन वर्षं नेपाळात चालेल असा विमा कोणता घ्यावा?’

नमस्कार.

एमएच १० नंबरच्या गाडीला दोन वर्षं सलग नेपाळात चालेल असा विमा मिळणार नाही. याचं कारण मात्र विमा कंपनीत नाही, दुसरीकडेच आहे, त्याकडे येतो. आधी तुमच्या सल्लागारांकडे बघू. चौघांच्याही बोलण्यात थोडं थोडं खरं आहे, म्हणूनच तुमचा गोंधळ झालाय.

एजंटाला ‘फुल इन्शुरन्स’ म्हणताना गाडीचं स्वतःचं नुकसान आणि थर्ड पार्टी (आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान) असं दोन्ही म्हणायचं असतं. ते बरोबर आहे. कशाकशाचा विमा आहे हे त्यातून कळतं, कुठल्या हद्दीत आहे ते कळत नाही. पॉलिसीची छापील प्रत काढा. शेड्यूलमध्ये ‘भौगोलिक क्षेत्र’ अशी एक ओळ सापडेल आणि तिच्यापुढे ‘भारत’ असेल. मागच्या पानांवरच्या सर्वसाधारण अपवादांमध्ये पहिलाच अपवाद हा असतो : या क्षेत्राबाहेर झालेला अपघात, नुकसान किंवा देणं कंपनीवर येणार नाही. म्हणजे नेपाळ सीमेवरची सोनौलीची कमान ओलांडली की तो कागद गाडीत असला काय नि सांगलीच्या कपाटात असला काय, सारखंच. एजंट मुद्दाम फसवतोय असं मला वाटत नाही. पंढरपूर, गोवा, फार तर तिरुपतीच्या पुढे गाडी नेणारं गिऱ्हाईक त्याला आजवर भेटलं नसेल.

मित्राचं म्हणणं खऱ्याच्या जास्त जवळ आहे. आपल्या मोटार टॅरिफमध्ये, म्हणजे गाडीच्या विम्याच्या दर-नियमांत, एक जुनी सोय आहे : जादा प्रीमियम भरून पॉलिसीचं भौगोलिक क्षेत्र वाढवून घेता येतं. देश सहाच. बांगलादेश, भूतान, नेपाळ, पाकिस्तान, श्रीलंका आणि मालदीव. २००२ च्या टॅरिफमध्ये हा जादा आकार पूर्ण पॉलिसीला ५०० रुपये आणि नुसत्या थर्ड पार्टीला १०० रुपये ठरवलेला होता, गाडी लहान असो की मोठी. मुदत जास्तीत जास्त १२ महिने. तुमची कंपनी आज किती घेते ते विचारा. विचारताना ‘नेपाळचा विमा’ असं म्हणू नका, फोनवरच्या मुलाला ते कळणार नाही. ‘भौगोलिक क्षेत्र वाढवायचं एन्डोर्समेंट, आयएमटी १’ असं म्हणा. एन्डोर्समेंट म्हणजे पॉलिसीला जोडलेला लेखी बदल, आयएमटी १ हा त्याचा टॅरिफमधला क्रमांक. ते तुमच्या पॉलिसी क्रमांकावर, देशाच्या नावासह, तारखा घालून लेखी यायला हवं आणि निघायच्या आधी यायला हवं. एजंटाचा ‘झालं साहेब’ असा व्हॉट्सअ‍ॅप म्हणजे एन्डोर्समेंट नव्हे.

इथवर वाचून तुम्हाला वाटेल, मग झालंच की. बारा महिन्यांचं घेऊ, पुढच्या वर्षी परत घेऊ. अडचण इथूनच सुरू होते.

तुमच्या पत्रात एक समजूत कुठंच लिहिलेली नाही, पण सगळं पत्र तिच्यावर उभं आहे. माणसाला नेपाळात जायला व्हिसा लागत नाही, तेव्हा गाडीलाही काही लागत नसणार. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे दोन्हीकडच्या नागरिकांना एकमेकांकडे राहायची, धंदा करायची मुभा आहे. खानापूर-आटपाडीकडची मंडळी तिथं वर्षानुवर्षं भट्ट्या चालवतात ती त्याच मोकळिकीत. पण गाडी म्हणजे नागरिक नव्हे. ती सीमा ओलांडते तेव्हा तो एक माल असतो, आणि मालाचा संबंध कस्टमशी येतो. तिकडे त्याला भन्सार म्हणतात. भारतीय नंबरच्या खाजगी गाडीला भन्सार कार्यालयात रोजाच्या दरानं पैसे भरून तात्पुरता प्रवेश मिळतो आणि वर्षभरात एकूण ३० दिवसच ती तिथं राहू शकते. त्यापुढे ती ठेवायची तर आयात केल्यासारखा कर आला, आणि नेपाळचा मोटारींवरचा कर इतका जबर आहे की त्या पैशात इथं दुसरी गाडी येईल.

थोडक्यात, एन्डोर्समेंट वर्षाचं मिळालं तरी गाडीला तिथं राहायची परवानगी महिन्याचीच. विमा परवानगीच्या मागून येतो. परदेशात गाडी न्यायचा विचार करणारे बहुतेक लोक आधी पॉलिसीची चौकशी करतात, आणि गाडी त्या देशात कायद्यानं किती दिवस राहू शकते हा प्रश्न शेवटी विचारतात किंवा विचारतच नाहीत. हा क्रम उलटा करा, अर्धा गोंधळ तिथंच संपेल.

आता काठमांडूतले पाहुणे. सीमेवर ओळखीनं गाडी आत जात असेलही, मी नाही म्हणत नाही. आत गेल्यावर काय, ते बघा. ३० दिवस उलटून गेलेली गाडी दंडाला आणि जप्तीला पात्र असते. त्या दिवसांत मुगलिंगच्या घाटात कुणाला धक्का लागला, माणूस जखमी झाला, तर गाडी नि चालक दोन्ही पोलिसांकडे जातात आणि पहिली मागणी होते ती भन्सारच्या पावतीची. पावती संपलेली असली की विमा कंपनीच्या हातात क्लेम नाकारायला आयतं कारण येतं. ओळख पावती बघणाऱ्याशी आहे, क्लेम तपासणाऱ्याशी नाही. परक्या मुलखात, पदरात शाळकरी पोर असताना, हा खेळ खेळू नका.

तेव्हा प्रश्न असा मांडू : गाडी वर्षातून एकदा, काही दिवसांसाठी न्यावी का? आणि बाकीचे अकरा महिने तिचं काय करावं?

पहिल्याचं उत्तर ‘हो, नेता येईल’ असं आहे. पहिल्या खेपेला सामान घेऊन जायला किंवा सुट्टीत वडिलांना पशुपतिनाथ दाखवायला गाडी नेलीत तर बिघडत नाही. सांगलीहून सोलापूर, नागपूर, जबलपूर, प्रयागराज, गोरखपूर करत काठमांडू दोन हजार किलोमीटरच्या घरात जातं. पण मग कागद नीट करा. तुमच्या बाबतीत त्यात दोन गाठी आहेत, त्या आधी सोडवाव्या लागतील.

एक, कर्ज. आरसीवर बँकेचा बोजा आहे तोवर गाडी देशाबाहेर न्यायला बँकेची लेखी संमती हवी. कर्जाच्या करारात तसं कलम बहुतेक असतंच. कुणी वाचत नाही, मीही दोष देत नाही. सह्या करताना ती पानं इतकी असतात. पण परदेशात गाडीचं मोठं नुकसान झालं तर क्लेमचे पैसे आधी बँकेकडे वळतात, आणि संमती नसेल तर तुम्ही एकाच वेळी विमा कंपनीशी आणि बँकेशी भांडत बसाल.

दोन, गाडी वडिलांच्या नावावर. गाडी दुसरा कुणी चालवतोय म्हणून भारतातला मोटार विमा अडत नाही. मालकाची परवानगी आणि चालकाचं वैध लायसन्स असलं की झालं. सीमेवर मात्र मालक सोबत नसेल तर त्यांचं संमतीपत्र लागेल, ते नोटरी करून घ्या, आरसीची मूळ प्रत जवळ ठेवा. याहून महत्त्वाची गोष्ट सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. पॉलिसीसोबत सक्तीचा म्हणून जो १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो, तो मालक-चालकाचा. म्हणजे तुमच्या वडिलांचा. स्टिअरिंगवर तुम्ही असाल आणि तुम्हाला काही झालं तर त्यातून तुम्हाला काही मिळणार नाही. तुम्ही घरातले कमावते. तुमच्या स्वतःच्या नावावर जगभर लागू होणारी अपघात पॉलिसी वेगळी मिळते. गाडी न्या किंवा नका नेऊ, ती काढाच. आणि हो, पत्रात गाडीच्या विम्याची इतकी विचारपूस आहे, पण तिघांच्या आजारपणाचं एक अक्षर नाही. आपल्याकडचे बहुतेक मेडिक्लेम भारताबाहेर चालत नाहीत. तुमचा चालतो का, बघा.

सीमेवर पोचल्यावर भन्सारची पावती जितक्या दिवसांची हवी त्याहून एक-दोन दिवस जास्तीची घ्या; डोंगरात रस्ता बंद पडला तर ते दिवस कामी येतात. नेपाळात थर्ड पार्टी सक्तीची आहे. तुमचं एन्डोर्समेंट असलं तरी तिथल्या कंपनीची थर्ड पार्टीही सीमेपलीकडच्या भैरहवाला घेऊन टाका. दोनदा पैसे कशाला, असं वाटेल. पण तिथला वाहतूक पोलीस तिथला कागद ओळखतो, आणि जखमीची भरपाई ठरते ती नेपाळच्या कायद्यानं, नेपाळच्या कार्यालयात. ते काम तिथल्या कंपनीनं केलेलं बरं. तुमचं भारतीय एन्डोर्समेंट मुख्यतः तुमच्या स्वतःच्या गाडीसाठी आहे असं समजून चला.

त्या गाडीचं नुकसान तिकडे झालं तर काय? कॅशलेस विसरा. तिथल्या गॅरेजला तुमच्या कंपनीशी देणंघेणं नाही. अपघात झाल्या झाल्या कंपनीच्या नंबरवर आणि ईमेलवर कळवा, नेपाळी पोलिसांचा लेखी अहवाल घ्या, गाडी हलवण्याआधी चारी बाजूंनी फोटो काढा, आणि कंपनी सर्व्हेअरचं काय म्हणते ते लेखी आल्याशिवाय मोठी दुरुस्ती करू नका. बिलं जपून ठेवा. गाडी ओढून न्यायचा खर्च प्रमाणित पॉलिसीत खाजगी कारला एका अपघातामागे १,५०० रुपयांपर्यंतच मिळतो. सांगली-मिरजेत तेवढ्यात भागत असेल, त्रिशूलीच्या काठावरून काठमांडूपर्यंत भागणार नाही. रोडसाइड असिस्टन्स, झिरो डेप (घसारा न कापता भरपाई) असे जे जादा कव्हर तुम्ही घेतलेत, ते सीमेपलीकडे चालतात का हे प्रत्येकाचं नाव घेऊन लेखी विचारा. मूळ पॉलिसीचं क्षेत्र वाढलं म्हणजे जोडलेलं सगळं आपोआप वाढलं, असं धरू नका.

पावसाळ्यात मात्र जाऊच नका. नारायणगढ-मुगलिंग हा रस्ता दरडींचा. जुलै २०२४ मध्ये याच पट्ट्यात दरड कोसळून दोन बस त्रिशूलीत गेल्या. दरड कोसळून झालेलं गाडीचं नुकसान प्रमाणित पॉलिसीत येतं, दंगलीतलंही येतं. सप्टेंबर २०२५ मध्ये काठमांडूत झालेली जाळपोळ काकांनी डोळ्यांनी पाहिली असेल, तेव्हा दंगल ही तिथं नुसती पॉलिसीतली ओळ नाही. एन्डोर्समेंट आणि भन्सारची मुदत दोन्ही चालू असतील तरच या सगळ्याला अर्थ.

आता ते अकरा महिने, आणि वडिलांची सूचना. गाडी इथंच ठेवावी हे त्यांचं म्हणणं मला पटतं. विमा बंद करावा हे अजिबात पटत नाही.

वडिलांच्या मनात बहुधा असं असेल की थर्ड पार्टी तर तीन वर्षांची भरलेली आहे, मग वरचे पैसे कशाला? १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला तीन वर्षांची थर्ड पार्टी एकदम घ्यावी लागते, म्हणून तुमची ती अजून चालू असेल. पण स्वतःच्या नुकसानीचा भाग वर्षाचाच असतो. तो संपला की गाडी कायद्याच्या दृष्टीनं रस्त्यावर आणायला योग्य असते आणि तिचं काही झालं तर मात्र एक रुपया मिळत नाही. कृष्णेच्या काठावर राहणाऱ्या माणसानं हा भाग सोडायचा? ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५ फूट. शामरावनगर, दत्तनगर, गावभागात किती गाड्या बेसमेंटमध्ये बुडाल्या ते तुम्ही पाहिलंय. पुराचं नुकसान स्वतःच्या नुकसानीच्या भागातच येतं. शिवाय पाणी उतरल्यावर कुणी उत्साहात किल्ली फिरवली आणि इंजिन गेलं तर ते नुकसान इंजिन संरक्षणाचं जादा कव्हर नसेल तर नाकारलं जातं. तुमच्या मागे गाडी सांभाळणाऱ्या पुतण्याला एवढं एक वाक्य सांगून जा : बुडालेली गाडी चालू करायची नाही, टो करायची. जमलं तर जून ते सप्टेंबर गाडी विट्याकडच्या घरी उभी करा. तिकडे पाण्याची वाट बघावी लागते, पाणी घरात येत नाही.

दुसरं कारण एनसीबीचं, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल मिळणाऱ्या ‘नो क्लेम बोनस’चं. दोन वर्षांत क्लेम नसेल तर तुमच्याकडे आज २५ टक्के सवलत जमा असेल. विनाक्लेम चालू ठेवलंत तर ती पुढे ३५, मग ४५ होते. नूतनीकरण ९० दिवसांहून जास्त रखडलं की सगळी जाते. परत आल्यावर नव्यानं गाडीची तपासणी आणि शून्यापासून सुरुवात. वाचवलेल्या पैशांतला बराचसा भाग तिथंच जातो. तिसरं कारण परत ती बँक : कर्ज आहे तोवर पूर्ण विमा ठेवणं ही तिची अट असते.

गाडी खरोखरच झाकून ठेवणार असाल, कुणीही चालवणार नसेल, तर एक मधला मार्ग आहे. सलग दोन महिने किंवा जास्त काळ गाडी वापरात नसेल तर तसं कंपनीला आधी लेखी कळवून ‘उभ्या गाडी’चं एन्डोर्समेंट घेता येतं. त्या काळात रस्त्यावरच्या अपघातांची जबाबदारी स्थगित राहते, आग-चोरी-पूर अशा उभ्या गाडीच्या जोखमी चालू राहतात आणि पुढच्या प्रीमियममध्ये काही सूट मिळते. एन्डोर्समेंटच्या मजकुरात पूर आहे ना, तेवढं वाचून घ्या. पण तुमच्या वडिलांचं वय बघता दवाखान्यात न्यायला, लग्नकार्याला गाडी बाहेर निघणारच, आणि स्थगित काळात निघालेली गाडी म्हणजे विनाविम्याची गाडी. पहिल्यांदा पकडली तर २,००० रुपये दंड ही किरकोळ बाब. कुणाला लागलं तर भरपाई वडिलांच्या डोक्यावर. तुमच्या घराला हा मार्ग बसत नाही असं मला वाटतं. ज्यांचं घर खरंच कुलूपबंद राहणार आहे, त्यांना बसेल.

विकून टाकायचा पर्याय तुम्ही लिहिलाच नाहीत. जीव गुंतला असेल, पहिलीच गाडी आहे. तरी हिशोब मांडा : दोन वर्षं हप्ते, विमा, बॅटरी, टायर, आणि तेवढ्या काळात उतरलेली किंमत. तीन वर्षांहून जास्त राहायचं मनात असेल तर मी विकण्याच्या बाजूनं आहे. विकताना कंपनीकडून एनसीबी राखून ठेवल्याचं पत्र मागून घ्या. ते तीन वर्षं चालतं आणि पुढच्या गाडीला लागतं. फक्त ती सवलत पॉलिसीधारकाची, म्हणजे वडिलांची. परत येऊन तुम्ही तुमच्या नावावर गाडी घेतलीत तर ती तुम्हाला मिळणार नाही.

आणि मुलीची शाळा, दुकान यांचं काय? काकांना एक साधा प्रश्न विचारा : त्यांनी इतक्या वर्षांत तिथं स्वतः कार का ठेवली नाही, किंवा ठेवली असेल तर तिच्यावर दुकानाला जातात का? जुन्या काठमांडूतल्या गल्ल्यांत कार उभी करायला जागा नसते. शाळेच्या बस असतात, अ‍ॅपवर टॅक्सी आणि दुचाकी मिळते. वाहन हवंच असेल तर नेपाळी नंबरचं, नेपाळी ब्लूबुक (तिकडची आरसी) आणि नेपाळी विमा असलेलं बघा. ते कुणाच्या नावावर घेता येतं, दुकानाच्या की आणखी कुणाच्या, हे काकांचा तिथला हिशेबनीस सांगेल. निघायच्या आधी त्याच्याशी बोला.

आखातात किंवा युरोपात चाललेल्या आपल्याकडच्या वाचकांसाठी थोडं. त्यांच्या वाटेत ती सहा देशांची सोय नाहीच. भारतीय पॉलिसी तिकडे वाढवून मिळत नाही, तिथं उतरल्यावर तिथलाच विमा घ्यावा लागतो. युरोपातल्या ग्रीन कार्ड व्यवस्थेत भारत नाही, त्यामुळे आपली कंपनी ते कार्ड देऊ शकत नाही. आणि ते कार्ड असलं तरी त्यात फक्त थर्ड पार्टी असते. बाहेरची गाडी तिथं न राहणाऱ्या पाहुण्याला सहा महिने वापरता येते, तिथं स्थायिक होणाऱ्यानं ती नोंदवून घ्यावी लागते. दुबईत उजवीकडे स्टिअरिंग असलेल्या साध्या कारची नोंदणीच होत नाही, त्यामुळे नोकरीला जाणाऱ्यानं इथली गाडी न्यायचा विचार सोडावा. हौसेनं मुंबईहून जहाजानं गाडी नेऊन फिरणारे असतात, त्यांना कार्ने लागतं. ते मुंबईच्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनकडे बँक हमी ठेवून मिळतं. कार्ने हा गाडी परत नेण्याचा कस्टमला दिलेला शब्द आहे, विमा नव्हे, आणि मुक्काम हलवणाऱ्यासाठी तर नाहीच. जहाजातला प्रवास मोटार पॉलिसीत येत नाही, अगदी श्रीलंका-मालदीवचं एन्डोर्समेंट असलं तरी समुद्रावरचा काळ त्यातून वगळलेला असतो. त्याला सागरी विमा वेगळा.

परत तुमच्याकडे. माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षी गाडी सांगलीतच राहू द्या, विमा पूर्ण चालू ठेवून, इंजिन संरक्षणासह. तुम्ही तिघे रेल्वेनं गोरखपूरला उतरा नि पुढे बसनं जा. काठमांडूत सहा महिने राहून बघा, गाडीवाचून कुठं अडतं ते कळेल. दिवाळीनंतर पाऊस सरला की वाटलं तर वडील आणि पुतण्या गाडी घेऊन येतील, पंधरा-वीस दिवस राहतील, परत जातील; मालक स्वतः गाडीत असल्यानं संमतीपत्राची भानगडही उरणार नाही आणि १५ लाखांचं कव्हर, वडील चालवत असतील तेवढ्या वेळापुरतं का होईना, उपयोगी पडेल. त्या खेपेसाठी तयारी करताना एन्डोर्समेंट शेवटी घेतलंत तरी चालेल, भन्सार तर सीमेवरच होतं. बँकेच्या संमतीपत्राचा अर्ज मात्र आत्ताच देऊन ठेवा. शाखेतून तो वरच्या कार्यालयात जातो, आणि सगळ्यात जास्त दिवस तोच खातो.